दोन घरचा पाहुणा

२ ऑक्टोबर २०२५ ला ठाण्याच्या टेंभी नाक्यावर तीन दिवस एकत्र आले. दसरा होता, शिवसेना नेते आनंद दिघे यांनी नावारूपाला आणलेल्या नवरात्रोत्सवाची सांगता होती. गांधी जयंती होती. आणि नाक्यालगत, सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या ‘शार हशामाईम’ या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये योम किप्पूर होता, ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपवास. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या जुन्या घरांत त्याला दारफाळणीचा सण म्हणत. दोन्ही पंचांगं चंद्राची. त्यामुळे अधिक महिन्याने घोळ घातला नाही, तर घटस्थापनेच्या सुमाराला ज्यूंचं नवं वर्ष लागतं आणि दसऱ्याच्या सुमाराला हा उपवास येतो. २०२४ मध्येही तसंच झालं होतं.

त्या दसऱ्याच्या तीन दिवस आधी, २९ सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये गाझासाठी वीस कलमी योजना जाहीर झाली. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी, १० ऑक्टोबरला, युद्धविराम लागू झाला आणि १३ तारखेला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला जगभरचे नेते जमले. कराराच्या कागदावर अमेरिका, इजिप्त, कतार आणि तुर्कस्तान यांनी सह्या केल्या. पाकिस्तानच्या पंतप्रधानांना व्यासपीठावर बोलायला मिळालं. भारताकडून परराष्ट्र राज्यमंत्री गेले होते.

इस्रायलशी आपली मैत्री आहे, पॅलेस्टाईनशी त्याहून जुनी मैत्री आहे, हे दिल्लीत प्रत्येक सरकार अभिमानाने सांगत आलं आहे. मग समेटाच्या पंगतीत आपलं पान कुठे होतं? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही गत. आणि ती एका पंतप्रधानाची किंवा एका पक्षाची करणी नाही. १९४७ पासून आपण या प्रश्नावर भूमिका घेत आलो, मतं देत आलो, निवेदनं काढत आलो. दोन बाजूंना एका खोलीत बसवण्याचं कष्टाचं काम मात्र आपण जवळपास कधी केलंच नाही.

असल्या गोष्टींची ठाण्याला काय पडली आहे, असं कोणी विचारेल. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साधारण हेच विचारलं. गाझातल्या संहाराविरुद्ध आझाद मैदानावर सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष न्यायालयात गेला होता. खंडपीठाने याचिका तर फेटाळलीच, वर हजारो मैलांवरच्या गाझाकडे पाहण्यापेक्षा आपल्याकडचा कचरा, प्रदूषण, तुंबणारी गटारं यांवर बोला, असंही सुनावलं. पुढे ऑगस्टमध्ये ती सभा झाली. पण न्यायालयाचं ते बोलणं अनेकांना मनापासून पटलं होतं, हेही खरं. कचऱ्याचा प्रश्न ठाण्यात नाही असं कोणीच म्हणणार नाही. पण कचऱ्यावर बोलणाऱ्याने गाझावर बोलू नये, हे कुठलं गणित?

शिवाय हजारो मैलांचा हिशेबही तपासून पाहावा लागेल. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला आणि कर्नल वैभव काळे ठार झाले. मूळचे नागपूरचे, सैन्यातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेलेले. गाझात रुजू होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण होती. तोफगोळा रणगाड्यातून आला असावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्याने सांगितलं आणि त्या भागात रणगाडे एकाच सैन्याचे होते. त्या युद्धात मृत्यू पावलेले संयुक्त राष्ट्रांचे ते पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी. अंत्यसंस्कार पुण्यात झाले. त्याआधी, युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, इस्रायलमधल्या दिमोना गावचा भारतीय वंशाचा वीस वर्षांचा इस्रायली सैनिक गाझात पडला होता. म्हणजे या एका युद्धाने दोन्ही बाजूंनी आपल्या माणसांच्या घरात सुतक आणलं.

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला ही नावं रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतल्या कितीतरी बेने इस्रायली कुटुंबांना तोंडपाठ आहेत, कारण मावशा, आत्या, चुलतभाऊ तिथे राहतात. गाझाची पट्टी केवढी, तर लोकलने दादरहून कल्याणला जाण्याइतकी लांब, आणि तीत २०११ च्या जनगणनेतल्या ठाणे शहराहून जास्त माणसं. तिच्या उत्तरेला अश्दोद आहे. तिथे भोंगा वाजला की ठाण्यात फोन वाजतो. आणि त्याच ठाणे महापालिकेच्या हद्दीत मुस्लिमबहुल मुंब्रा आहे, जिथे गाझातलं दुःख घरचं मानलं जातं. एकाच महापालिकेत दोन्ही बाजूंची सोयरीक असलेली शहरं जगात फार नसतील.

बेने इस्रायल म्हणजे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज, असं त्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली झाले. पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर अशी आडनावं घेतली, मराठी बोलले, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. मुंबईला एलायजा मोझेस यांच्यासारखा महापौर दिला, डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारखी स्त्रीरोगतज्ज्ञ दिली. यहुदी म्हणून छळ म्हणजे काय ते त्यांना इथे कळलं नाही. ते कळलं, वेगळ्या तऱ्हेने, इस्रायलमध्ये.

हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९४८ नंतर जी कुटुंबं तिकडे गेली त्यांना वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या नव्या गावांत पाठवलं गेलं. कामं हलकी, घरं कच्ची आणि रंगावरून दुजाभाव. १९५१ च्या अखेरीस बीरशेबातल्या काही जणांनी ‘आम्हाला परत भारतात पाठवा’ म्हणून धरणं धरलं. गांधींच्या देशातून आलेली माणसं, हत्यारही तेच! १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना खरोखरच परत आणून सोडण्यात आलं. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले, हा मनुष्यस्वभाव.

खरा घाव पडला तो दहा वर्षांनी. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की, बेने इस्रायलपैकी कोणाचं लग्न लावताना त्याच्या आई-आजीची, पणजीची चौकशी करावी. इतर ज्यूंच्या बाबतीत असली चौकशी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात शनिवार पाळणाऱ्यांना ‘तुम्ही पक्के ज्यू का?’ असं विचारणं हा अपमानच होता. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमला ठाण मांडलं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने खास बैठक बोलावली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल त्यांच्या बाजूने उभे राहिले, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला आणि काही आठवड्यांत धर्मपीठाने ते कलम मागे घेतलं. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत आणि त्यांतले बहुसंख्य मराठी मुळाचे. ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक तिथून निघत आलं आहे.

त्या राज्याच्या पोटात काय चालतं, तिथल्या धर्मपीठाचं आणि संसदेचं कसं बिनसतं, दबाव कुठे लावला की कोण हलतं, हे या मराठी माणसांनी अंगावर झेलून शिकून घेतलं होतं. दिल्लीत त्यांना कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? त्या काळात आपण इस्रायलशी बोलतच नव्हतो.

तो इतिहासही मुंबईतूनच जातो. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांनी अकरा देशांची समिती नेमली, तीत भारत होता. आपले प्रतिनिधी सर अब्दुर रहमान. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी अरब आणि ज्यू घटकांचं एक संघराज्य सुचवलं. फाळणीच्या यातना त्याच वर्षी भोगलेल्या देशाने दुसऱ्याच्या फाळणीला विरोध करावा, हे समजण्यासारखं होतं. पण त्या योजनेला दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक नव्हतं आणि ते मिळवायचे प्रयत्नही आपण केले नाहीत. २९ नोव्हेंबरला विरोधात मत दिलं आणि मोकळे झालो. त्याआधी १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं की ज्यूंबद्दल त्यांना पूर्ण सहानुभूती आहे, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे. नेहरूंच्या सरकारने साधारण तीच वाट धरली. उलट बाजूला सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं. महाराष्ट्रात हा वाद असा पहिल्यापासून दुफळीचा आहे. आज समाजमाध्यमांवर जे दोन कंपू भांडताना दिसतात, त्यांचे आजोबाही याच मुद्द्यावर भांडत होते.

भारताने १७ सप्टेंबर १९५० ला इस्रायलला मान्यता दिली, पण राजदूत दिला-घेतला नाही. १९५३ पासून इस्रायलचा वाणिज्यदूत मुंबईत बसायचा. दिल्लीत त्याला जागा नव्हती. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं एका देशाशी असलेले आपले सगळे अधिकृत संबंध मुंबईतल्या एका कार्यालयात मावत होते. १९८२ मध्ये त्या वाणिज्यदूताने एका वृत्तपत्राला मुलाखत देताना भारताच्या अरबधार्जिण्या धोरणावर टीका केली, तर इंदिरा गांधींच्या सरकारने त्याला देश सोडायला लावला. दुसरीकडे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला बिगर-अरब देश. जानेवारी १९७५ मध्ये संघटनेचं कार्यालय दिल्लीत उघडलं. परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत झायोनिझमला, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाला, वंशवाद ठरवणारा ठराव आला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, तेव्हाही खातं यशवंतरावांकडेच होतं. पॅलेस्टिनींना मान्यता देणं योग्यच होतं. तो ठराव मात्र चुकीचा होता, कारण त्याने एका बाजूशी बोलण्याचं दारच लावून टाकलं. सगळ्यांशी बोलणं राखून काम साधणारा म्हणून नावाजलेला हा कऱ्हाडचा माणूस. त्याच्या काळात हे व्हावं याचं वाईट वाटतं.

चोरीछुपे भेटी होत होत्या, नाही असं नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन पंतप्रधान मोरारजी देसाईंना भेटून गेले. व्यापलेला प्रदेश सोडा, पॅलेस्टिनींना राज्य द्या, मग संबंधांचं बघू, असं मोरारजींनी त्यांना सांगितल्याचं दायान यांनीच पुढे लिहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात जेरुसलेमला गेले आणि पुढच्या वर्षी इजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिडचा करार झाला. म्हणजे वारं फिरत होतं, त्यातला एक माणूस आपल्या घरात येऊन बसला होता आणि आपण त्याला अटींची यादी देऊन वाटेला लावलं. जुलै १९८७ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने इस्रायलच्या टेनिस संघाला डेव्हिस चषकासाठी दिल्लीत खेळू दिलं, तर तेवढ्यावरही वाद झाला.

दार उघडलं ते पी. व्ही. नरसिंह राव यांनी. दोनदा रामटेकमधून लोकसभेत गेलेले, ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे राव. ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदला अरब आणि इस्रायली समोरासमोर बसले. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो १९७५ चा ठराव रद्द केला आणि या वेळी भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. जानेवारी १९९२ मध्ये मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत दिल्लीला येऊन गेले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर झाले. अराफत यांना आधी विश्वासात घेऊन पाऊल टाकणं, ही अस्सल मुत्सद्देगिरी. या प्रश्नातला भारताचा तो सगळ्यात चांगला महिना. आपण तिथेच थांबलो.

त्यानंतर वर्षभरात नॉर्वेने जे केलं ते पाहिलं की आपल्या थांबण्याची बोच वाढते. नॉर्वेकडे ना मोठं सैन्य, ना त्या प्रदेशात दबदबा. पण दोन्ही बाजूंचा विश्वास होता. एका संशोधन संस्थेच्या आडोशाने १९९३ मध्ये नॉर्वेतल्या घरांत, पत्रकारांपासून दूर, इस्रायली प्राध्यापक आणि मुक्ती संघटनेचे अधिकारी बसले, जेवले, भांडले. सप्टेंबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि अराफत यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हात मिळवले. हा ऑस्लो करार पुढे फसला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जेरुसलेम, निर्वासित, सीमा हे अवघड प्रश्न त्याने ‘नंतर’वर टाकले. नंतर कधी आलं नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) ज्यू वसाहतींची लोकसंख्या पुढच्या दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली. हमासने बसगाड्या उडवल्या. १९९५ मध्ये राबिन यांना त्यांच्याच देशातल्या धर्मवेड्याने गोळ्या घातल्या. पण करार फसला म्हणून मध्यस्थी फसली असं होत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता दिली ती तेव्हाच, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर हमासने धरलेल्या ओलिसांची जी काही सुटका झाली ती बरीचशी कतार आणि इजिप्तच्या मध्यस्थांनी रात्री जागवल्या म्हणूनच.

भारताने हे करावं, त्यासाठी माणसंही होती. चिन्मय घारेखान हे आपले मुत्सद्दी १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्याप्त प्रदेशांसाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष समन्वयक होते. २००५ मध्ये मनमोहन सिंग सरकारने त्यांना पश्चिम आशियासाठी विशेष दूत नेमलं. पण नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या ॲनापोलिसला शांतता परिषद भरली तेव्हा भारताचे मुख्य प्रतिनिधी म्हणून गेले कपिल सिब्बल, तेव्हाचे विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री. सिब्बल हुशार आहेत, यात शंका नाही. पण ज्या परिषदेला आपण खात्याबाहेरचा मंत्री पाठवतो, तिच्याबद्दल आपल्याला किती आस्था आहे ते जगाला कळतं.

मोदी सरकारने जुनी भीड मोडली. जुलै २०१७ मध्ये इस्रायलला जाणारे नरेंद्र मोदी हे पहिले भारतीय पंतप्रधान. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पॅलेस्टिनी प्रशासनाच्या रामल्लालाही गेले. हे धाडस होतं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण गाझाच्या युद्धात आपल्या मतांचा आलेख पाहावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ. डिसेंबरमध्ये बाजूने. सप्टेंबर २०२४ मध्ये, व्याप्त प्रदेश सोडण्याच्या ठरावावर, तटस्थ. जून २०२५ मध्ये पुन्हा युद्धविरामावर तटस्थ. १२ सप्टेंबर २०२५ ला दोन राज्यांच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने, १४२ देशांपैकी एक म्हणून. त्याच्या चारच दिवस आधी दिल्लीत इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांच्याशी आपण गुंतवणूक करार केला. पॅलेस्टिनी राज्य होऊच देणार नाही म्हणणारे आणि पॅलेस्टिनींविरुद्धच्या हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल नॉर्वे, ब्रिटन, कॅनडा यांनी निर्बंध घातलेले हे गृहस्थ. सोमवारी त्यांच्याशी हस्तांदोलन, शुक्रवारी त्यांच्या विरोधात मत. याला समतोल म्हणायचं असेल तर म्हणावं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याला नदीत उतरता येत नाही, एवढं खरं.

एका बाबतीत मात्र आपण पुरते उतरलो आहोत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हत्याकांडानंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले. त्याआधी पश्चिम किनाऱ्यावरून आणि गाझातून दीड लाखाच्या आसपास माणसं रोज कामाला जात. त्या जागा भरायला नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताशी करार झाला आणि सेंट्रिंगवाले, लोखंड बांधणारे, फरशी बसवणारे, गिलावा करणारे कारागीर निवडले जाऊ लागले. आधी हरयाणा, उत्तर प्रदेशात. २०२४ मध्ये पुण्यातही. महिन्याला लाखाच्या वर पगार मिळतो म्हटल्यावर बेकार पोरगा युद्धातही जातो, त्याला दोष कोण देणार? पण एका बाजूच्या पोटावर आलेली जागा आपण भरून दिली आणि तरी आपण दोघांचे मित्र, हे रामल्लात कसं पटवायचं, याचा विचार करार करताना झाला होता का?

आता गाझाच्या पुनर्बांधणीचे आराखडे होतील, तेव्हा हेच कारागीर तिथेही लागतील. ते कोणाच्या करारावर जातील, कोणाच्या संरक्षणात, पॅलेस्टिनी मजुरांच्या जागी की त्यांच्या बरोबरीने, याची भाषा आत्ताच ठरायला हवी आणि त्यासाठी पश्चिम आशियासाठी पूर्ण वेळ, वजनदार विशेष दूत पुन्हा नेमायला हवा. त्याने इस्रायलमधल्या ८५ हजारांतल्या जाणत्यांशी बोलावं. रामल्लातल्या, भारतात शिकून गेलेल्या पॅलेस्टिनींशी बोलावं.

हे प्रश्न संसदेत विचारायला ठाणे महापालिकेच्या हद्दीचेच दोन खासदार आहेत. टेंभी नाका ठाणे मतदारसंघात येतो, मुंब्रा कल्याणमध्ये. कल्याणचे श्रीकांत शिंदे तर ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर सर्वपक्षीय शिष्टमंडळ घेऊन संयुक्त अरब अमिराती आणि आफ्रिकेतल्या तीन देशांना भारताची बाजू सांगून आले. त्यांनी आणि ठाण्याचे नरेश म्हस्के यांनी लोकसभेत परराष्ट्र खात्याला इतकंच विचारावं की विशेष दूत कधी नेमणार, आणि इस्रायलला गेलेल्या आपल्या कामगारांच्या करारात पॅलेस्टिनी मजुरांबद्दल एक ओळ तरी आहे का. उत्तर छापील मिळतं आणि ते कामकाजाच्या नोंदीत राहतं.